कंपवात घेऊन समुद्रावर

सोलापूरच्या माणसासाठी समुद्र हा बव्हंशी नकाशातला विषय असतो. पाणी म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो सिद्धेश्वराचा तलाव, फार तर हिप्परग्याचा तलाव किंवा उजनीचा जलाशय. ऊन कडक, पाऊस बेताचा, आणि समुद्र पाहायचा तर रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर मुंबई गाठायची. अशा गावातील सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याने, त्यातही एकाला कंपवात जडलेला असताना, जहाजाने सफर करायचे ठरवले, तर आप्तेष्टांना ते धाडसच वाटणार.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही मुंबई–गोवा–मुंबई अशी छोटी सफर केली. त्या सफरीच्या फक्त पहिल्या दिवसाविषयी येथे लिहीत आहे. वृद्ध आणि आजारी माणसाच्या प्रवासात खरी कसोटी पहिल्या दिवसाचीच असते. रांगा त्याच दिवशी असतात, औषधाची वेळ त्याच दिवशी टळण्याचा धोका असतो, अनोळखी खोली आणि अनोळखी न्हाणीघर त्याच दिवशी भेटते, आणि परक्या जागेतील पहिली रात्रही त्याच दिवसाच्या शेवटी येते. तो दिवस नीट पार पडला की पुढचे दिवस आपोआप सैल होतात.

आजार आणि इच्छा

माझे यजमान सोलापुरातील एका कापडगिरणीत फिटर होते. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्यावर त्यांनी यंत्रमागांच्या दुरुस्तीची कामे केली. यंत्राला हात लावून त्याचे दुखणे ओळखणारा माणूस. वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप हलू लागली, जणू काही बोटांत वात वळत आहेत. पुढे चाल मंदावली, अक्षर बारीक झाले, चेहऱ्यावरचे भाव ओसरले. डॉक्टरांनी कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सन्सचे निदान केले.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ मध्ये या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, म्हणून त्याचे नाव रोगाला मिळाले. मेंदूतील डोपामाइन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात आणि हालचालींवरील ताबा सुटत जातो. लिव्होडोपासारख्या औषधांनी ती उणीव काही तासांपुरती भरून निघते. गोळी लागू असते तोवर माणूस बऱ्यापैकी मोकळा. तिचा अंमल ओसरला की तोच माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. त्यामुळे आमच्या घरातील घड्याळ गेली काही वर्षे गोळ्यांच्या वेळांवर चालते: सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि सायंकाळी सात.

आजाराने हातापायांपेक्षा अधिक काही नेले असेल, तर ते माणसांत मिसळणे. चमच्यातील आमटी सांडते म्हणून यजमानांनी लग्नकार्याच्या पंगतीत बसणे सोडले. पाहुणे आले की ते जेवणाआधीच आतल्या खोलीत जात. दोन वर्षे त्यांनी घराबाहेर घास घेतला नव्हता. अशा माणसाने एका सायंकाळी सहज म्हटले, "एकदा मोठं जहाज बघायचंय. त्याचं इंजिन कसं चालतं ते जवळून ऐकायचंय." सहा वर्षांत त्यांनी स्वतःहून व्यक्त केलेली ही पहिलीच इच्छा होती.

पुण्यात राहणाऱ्या मुलाचा विरोध होता, आणि तो निराधार नव्हता. सहा महिन्यांपूर्वीच यजमान न्हाणीघरात पडले होते. हाड मोडले नाही इतकेच. "आई, घरातल्या फरशीवर तोल जातो, तर हलत्या जहाजावर काय होईल?" हा त्याचा प्रश्न. यजमान म्हणाले, "घरात पडलो तेव्हा मी घरातच होतो की." या उत्तरावर मुलगा गप्प झाला, पण त्याचे समाधान झाले नाही.

आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब उभ्याने आणि झोपून असा दोन्ही प्रकारे तपासला, चालवून पाहिले, औषधांचे कागद वाचले आणि मग म्हणाले, "अटी पाळणार असाल तर जा. हा आजार हळूहळू पुढे सरकणारा आहे. यंदा जे जमेल ते पुढच्या वर्षी जमेलच असे मी सांगू शकत नाही." त्या वाक्याने निर्णय झाला. मुलानेच पुढे तिकिटे काढली.

निघण्याआधी

डॉक्टरांच्या अटी साध्या होत्या, परंतु त्यांतील एकेक मोलाची ठरली.

पहिली अट तिसऱ्या माणसाची. दोघांपैकी एक आजारी असेल, तर सोबत आणखी एखादे जाणते माणूस हवेच. मुंबईची माझी भाची आणि तिचे यजमान आमच्याबरोबर यायला तयार झाले आणि त्यांची खोली आमच्या शेजारी घेतली.

दुसरी अट ऋतूची. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्र खवळलेला असतो. हिवाळ्यात तो पुष्कळ शांत असतो. जहाजाच्या खालच्या मजल्यावर, लांबीच्या मध्यभागी असलेल्या खोलीत हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. म्हणून समुद्राचे विस्तीर्ण दर्शन देणाऱ्या वरच्या खोलीचा मोह सोडून आम्ही मधली खोली मागितली.

तिसरी अट बोट लागण्यावरच्या औषधांची, आणि ही गोष्ट प्रत्येक काळजीवाहकाने लक्षात ठेवावी अशी आहे. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून आपण दुकानातून सहज ज्या गोळ्या आणतो, त्यांतील काही कंपवाताच्या रुग्णाला अपायकारक ठरतात. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिन, सिनारिझिन ही औषधे डोपामाइनच्या कार्यात अडथळा आणतात. त्यामुळे ताठरपणा आणि कंप वाढू शकतो. हायोसिनसारख्या औषधाने वृद्धांमध्ये बुद्धी गोंधळणे, लघवी अडणे असे त्रास उद्भवू शकतात. म्हणून शेजाऱ्याने दिलेली वा सहप्रवाशाने पुढे केलेली गोळी घ्यायची नाही, असा दंडकच आम्ही केला आणि गरज पडल्यास काय घ्यायचे ते डॉक्टरांकडून लिहून घेतले.

चौथी अट कागदांची. आजाराचे नाव, औषधांची मूळ रासायनिक नावे, मात्रा, वेळा, कोणती औषधे देऊ नयेत त्यांची यादी आणि दोन दूरध्वनी क्रमांक, हे सारे एका कागदावर. त्याच्या तीन प्रती: एक माझ्या पर्समध्ये, एक यजमानांच्या खिशात, एक भाचीकडे. किनारा मागे पडला की मोबाइलचा संपर्क तुटतो, म्हणून मोबाइलमध्ये जपून ठेवलेल्या कागदपत्रांवर विसंबून चालत नाही. आरोग्य विम्यात समुद्रावरील उपचार आणि किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च धरला आहे की नाही, हेही मुलाने विमा कंपनीला आधीच विचारून ठेवले.

शेवटची अट होती एक दिवस आधी मुंबईत पोहोचण्याची. रात्रभर गाडीत जागून सकाळी थेट बंदर गाठणे तरुणांना शोभते. आम्ही आदल्या दिवशी पहाटेच्या वंदे भारत गाडीने निघालो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही गाडी सुरू झाल्यापासून सोलापूरकर ज्येष्ठांची मोठी सोय झाली आहे, दुपारपर्यंत मुंबई. भाचीच्या घरी रात्र काढली. प्रवाशांना बाहेरचे अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत, असे आधीच समजले होते. त्यामुळे सोबत आणलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी तिच्याच घरी संपली. सोलापुरी चादर मात्र सामानात राहिली. वातानुकूलित खोलीत रात्री तिचा उपयोग झाला.

धक्क्यापासून खोलीपर्यंत

मुंबईचे प्रवासी जहाजांचे ठिकाण बॅलार्ड पिअर येथे आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते फार दूर नाही. विमाने सर्वसामान्य होण्यापूर्वी विलायतेला जाणारी माणसे याच भागातून बोटीत चढत. आज तेथे विमानतळासारखीच व्यवस्था आहे: सामानाची तपासणी, ओळखपत्राची नोंद, छायाचित्र आणि प्रत्येकाला एक कार्ड. खोलीचे कुलूप त्याच कार्डाने उघडते आणि जहाजातून उतरताना, चढताना तेच दाखवायचे असते.

या टप्प्यांना दीड-दोन तास सहज लागतात. म्हणून चाकाच्या खुर्चीची मागणी आम्ही तिकीट काढतानाच नोंदवली होती. यजमानांना खुर्चीत बसणे कमीपणाचे वाटे. त्यांना मी एवढेच म्हटले, "अहो, पायांतलं बळ रांगेत खर्च करायचं की जहाजावर?" ते बसले. मोठे सामान वेगळे जाते आणि खोलीत सायंकाळपर्यंत पोहोचते, हे ठाऊक असल्यामुळे सर्व औषधे, पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जोड आणि चष्मा हातातील पिशवीत होता.

जहाज समोर आले आणि यजमानांनी मान वर केली. एम्प्रेस हे त्याचे नाव. १९९० मध्ये फ्रान्समधील सेंट-नाझेर येथील गोदीत बांधलेले, सुमारे २१० मीटर लांब, अकरा मजली. जगाच्या अनेक समुद्रांवर फिरून २०२१ च्या सप्टेंबरापासून ते भारतीय प्रवाशांसाठी मुंबईहून निघू लागले. यजमानांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आपल्या गिरणीपेक्षा मोठं आहे. आणि हे चालतं!"

कंपवाताच्या रुग्णाचे पाय दाराशी अडखळतात. उंबरा, अरुंद दार, फरशीचा बदललेला रंग, यांपैकी काहीही समोर आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. ओढले तर तोल जातो. अशा वेळी थांबावे, श्वास घ्यावा, "एक-दोन, एक-दोन" असा ठेका म्हणावा किंवा जमिनीवरची एखादी रेघ ओलांडायला सांगावे; पाऊल सुटते. जहाजाच्या दारात आमचे तसेच झाले. मागे रांग होती. भाचीने मागच्या लोकांना हात करून थांबवले, मी ठेका धरला, आणि पाचव्या-सहाव्या मोजणीला यजमानांनी पाऊल आत टाकले. मागच्या कोणीही काही म्हटले नाही. लोकांविषयी आपण मनात जी भीती बाळगतो, ती बहुतेकदा आपणच मोठी केलेली असते.

खोलीत शिरल्यावर आधी खिडकी पाहायची नाही, न्हाणीघर पाहायचे, हा माझा नियम. जहाजांवरील न्हाणीघराला बहुधा उंबरा असतो. मी त्यावर घरून आणलेली पिवळी चिकटपट्टी लावली, म्हणजे तो डोळ्यांना दिसेल आणि पाऊल उचलण्याची खूणही होईल. धरायला कड्या कोठे आहेत, फरशी ओली झाली तर घसरते का, कमोडवरून उठताना हात कोठे टेकेल, हे सारे यजमानांना दिवसाउजेडी दोनदा करून दाखवले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत पिशव्या, चपला, वायर काही ठेवले नाही. या सगळ्याला वीस मिनिटे लागली.

तीन वाजता गोळी दिली. प्रथिनयुक्त आहाराबरोबर लिव्होडोपा घेतल्यास काहींना ती कमी लागू पडते. म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास ती पाण्याबरोबर देण्याची आमची पद्धत आहे. जहाजावर दिवसभर खाण्याचे टेबल मांडलेले असते. तेथील पनीर, डाळी आणि दुधाच्या मिठाया पाहून गोळीची वेळ पुढे ढकलायची नाही, हे आधीच ठरले होते. आणखी एक सवय पहिल्याच तासापासून लावून घेतली, ती म्हणजे जेवणापूर्वी साबण-पाण्याने हात धुण्याची. जहाजावर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसची साथ झपाट्याने पसरू शकते, आणि त्याच्यापुढे हाताला चोळायच्या जंतुनाशक द्रवापेक्षा साबण-पाणी अधिक भरवशाचे असते.

सात आखूड, एक दीर्घ

जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला सुरक्षेच्या कवायतीला हजर राहावे लागते. अनेकांना ती कटकट वाटते. तिच्यामागे इतिहास आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेसाठी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. त्यानंतर नियम कडक झाला, आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे.

सात आखूड भोंगे आणि एक दीर्घ भोंगा, ही आणीबाणीची खूण. ती ऐकली की आपल्या कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जमायचे. जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे ते दाखवतात. आगीच्या वा अन्य आणीबाणीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते, हे येथे सांगितले जाते. आणि वृद्धांच्या कुटुंबीयांनी नेमक्या याच क्षणी हात वर करायला हवा. जिना चढू-उतरू न शकणाऱ्या प्रवाशांची नोंद जहाजाकडे असते, म्हणजे प्रसंगी त्यांना आणायला माणूस धाडता येतो. आमचा खोली क्रमांक त्या यादीत आहे ना, याची मी समक्ष खात्री करून घेतली. तेथूनच जहाजावरील दवाखाना पाहून आलो. तेथे डॉक्टर आणि परिचारिका असतात, प्राथमिक व तातडीचे उपचार होतात. परंतु ते मोठे रुग्णालय नव्हे, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

भोंग्याचा आवाज झाला तेव्हा यजमान हसले. आमच्या पिढीच्या सोलापूरकरांचे सारे दिवस गिरणीच्या भोंग्यावर बांधलेले होते. भोंगा झाला की चूल पेटायची, भोंगा झाला की मुले शाळेत निघायची. गिरण्या थंड पडल्या तसा तो आवाजही गावातून गेला. "कैक वर्षांनी ऐकला बघ," ते म्हणाले.

जहाज सुटले

दुपार कलल्यावर धक्क्यावरील लोखंडी खुंटांना बांधलेले दोरखंड सोडले गेले. यजमानांना आम्ही वरच्या उघड्या मजल्यावर, कठड्याजवळ, वारा थेट लागणार नाही अशा जागी बसवले. डोक्याला मफलर, पायांत मागे पट्टा असलेले बूट. बोट लागू नये यासाठी दृष्टी दूरच्या क्षितिजावर ठेवणे हा जुना आणि उत्तम उपाय आहे. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलत आहोत, आणि बंद खोलीत डोळे सांगतात की सारे स्थिर आहे. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही म्हणून मळमळते. क्षितिज पाहिले की डोळे आणि कान यांचे एकमत होते.

जहाज इतके हळू हलले की धक्का मागे सरकतो आहे असेच वाटले. उजव्या हाताला नौदलाची गोदी, मग १९०३ पासून उभे असलेले ताजमहाल हॉटेल आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया. जमिनीवरून ज्याच्याकडे मान वर करून पाहावे लागते, ते प्रवेशद्वार समुद्रावरून खेळण्याएवढे दिसत होते. पुढे कुलाब्याच्या टोकाला प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ. १८७५ पासून तो जहाजांना वाट दाखवतो आहे.

कठड्याला धरून यजमान उठून उभे राहिले. मी मागे, भाचीचे यजमान बाजूला. त्यांनी दोन्ही तळवे कठड्यावर टेकले, डोळे मिटले. खाली खोल कोठेतरी इंजिने फिरत होती आणि त्यांची बारीक थरथर लोखंडातून वर येत होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "इथं माझ्या एकट्याचाच हात हलत नाही. सगळं जहाजच हलतंय की."

मी त्यांच्या हाताकडे पाहिले. तो त्या क्षणी स्थिर होता. यात चमत्कार नाही. कंपवातातील कंप बहुधा हात विसावलेला असताना अधिक असतो. एखादी वस्तू घट्ट धरली की तो पुष्कळदा कमी होतो. हे मला ठाऊक होते. तरीही तो हात पाहून माझे डोळे भरून आले.

जवळून जाणाऱ्या एका तरुण कर्मचाऱ्याला त्यांनी थांबवले. मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. "डिझेलवर का? शाफ्ट किती?" असे प्रश्न सुरू झाले. बोलताना यजमानांचा आवाज बारीक होतो, शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून घरी आम्हीच त्यांची वाक्ये पुरी करतो. तो मुलगा मात्र वाकून, न घाई करता ऐकत राहिला. इंजिनाच्या भागात प्रवाशांना जाता येत नाही, हे त्याने सांगितले आणि त्याला ठाऊक होते तेवढे समजावून दिले. दहा मिनिटे दोन कामकरी माणसे यंत्रांविषयी बोलत होती. त्यांतील एक आजारी आहे, ही गोष्ट त्या दहा मिनिटांत कोणाच्याही ध्यानात नव्हती.

किनारा धूसर होऊ लागला तेव्हा यजमानांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांच्या पथकातून याच मुंबई बंदरातून चीनला निघाला. युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्याचे निधन झाले. सोलापुरातील भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकावरून आमची नित्य ये-जा. "त्यांनीही इथूनच मागं वळून बघितलं असेल," यजमान म्हणाले. आमची सफर ती कितीशी! पण सोलापूरच्या माणसाला समुद्र वर्ज्य नाही, एवढे मात्र त्या आठवणीने बजावले.

पहिले जेवण, पहिली रात्र

सातची गोळी घेऊन आम्ही पावणेआठला भोजनगृहात गेलो, गर्दी होण्यापूर्वी. कोपऱ्यातील, भिंतीलगतची जागा मागून घेतली. घरून आणलेला जड दांड्याचा चमचा पर्समध्ये होता. वजनामुळे काहींना हात सावरणे सोपे जाते. ताटाऐवजी खोलगट वाडगा मागितला, सूप अर्धाच पेला. एवढ्या साध्या गोष्टी. गोळीचा अंमल चढलेला होता, पोटात भूक होती. पहिले दोन घास सांडले. यजमानांनी आजूबाजूला पाहिले. पलीकडच्या टेबलावरची लहान मुले आइस्क्रीम सांडण्यात गुंतली होती. यजमान पुन्हा वाडग्याकडे वळले आणि सावकाश, पाऊण तास घेऊन, सारे जेवण संपवले. दोन वर्षांनी ते चारचौघांत जेवले.

जेवणानंतर भाची म्हणाली, "मावशी, मी काकांजवळ बसते. तू वर जाऊन ये." मी एकटीच वर गेले. अंधारात पाण्याचा आवाज येत होता. सहा वर्षांत प्रथमच माझा कान कोणत्याही चाहुलीकडे लागलेला नव्हता. शुश्रूषा करणाऱ्याचे शरीर झोपेतही जागे असते; पाठ, गुडघे, रक्तदाब हे सारे ते भोगते, आणि आपण थकलो आहोत असे म्हणण्याची त्याला लाज वाटते. तो अर्धा तास मला औषधासारखा लागू पडला. काळजीवाहकाची विश्रांती हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे, हे तोवर मी ऐकलेले होते. त्या रात्री ते पटले.

झोपताना न्हाणीघराचा दिवा लावून दार किलकिले ठेवले. परक्या जागेत वृद्ध माणूस रात्री गोंधळू शकतो, याची डॉक्टरांनी पूर्वसूचना दिलेली होती. तसेच झाले. पहाटे तीनच्या सुमारास यजमान दचकून उठू लागले. "पाळी सुटली का गं? मशिन चालू आहे अजून."

अशा वेळी वाद घालू नये, घाबरून मोठ्याने बोलू नये. मी दिवा लावला, चष्मा हातात दिला, खांद्यावर हात ठेवला. "अहो, आपण जहाजावर आहोत. गोव्याला चाललोय. इंजिनाचा आवाज आहे तो." त्यांना लगेच उभे केले नाही, या आजारात एकदम उठले की रक्तदाब उतरून चक्कर येते. दोन मिनिटे पलंगाच्या काठावर बसवले, दोन घोट पाणी दिले. ते कान देऊन ऐकत राहिले. चेहऱ्यावरचा गोंधळ हळूहळू निवळला. मग म्हणाले, "बेअरिंग चांगलं आहे." न्हाणीघरात जाऊन आलो, पिवळ्या पट्टीवरून पाऊल बरोबर पलीकडे पडले, आणि ते सकाळपर्यंत शांत झोपले.

वाचकांसाठी

हे वाचून प्रत्येकाने जहाजाचे तिकीट काढावे, असे मुळीच सुचवायचे नाही. नुकतेच रुग्णालयातून घरी आलेले, ज्यांना प्राणवायू लागतो असे, ज्यांचा हृदयविकार वा मधुमेह आटोक्यात नाही असे, रात्रीचा गोंधळ वाढलेले रुग्ण यांनी असा प्रवास टाळावा. अंतिम शब्द डॉक्टरांचा. ज्यांना पाण्यावरचा थोडाच वेळ झेपेल, त्यांच्यासाठी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट आहे. २०२० पासून सुरू झालेल्या या बोटीत मोटार थेट आत नेता येते, आणि साधारण तासाभरात पलीकडे. कोणासाठी समुद्र म्हणजे सिद्धेश्वराच्या तलावाचा काठही असू शकेल.

मुद्दा इतकाच की आजारी माणसाच्या इच्छेला "आता या वयात कशाला?" असे पहिले उत्तर देऊ नये. आधी इच्छा ऐकावी, मग डॉक्टरांना विचारावे, मग धोक्यांची यादी करून एकेकाला उत्तर शोधावे. काही धोक्यांना उत्तर सापडणार नाही; तेव्हा थांबावे. पुष्कळांना सापडते, आणि ते चिकटपट्टी, खोलगट वाडगा, वेळेवरची गोळी इतके साधे असते.

त्या प्रवासानंतर यजमानांचा आजार पुढे सरकला आहे. आता जिना त्यांना जमत नाही, बोलणे आणखी बारीक झाले आहे. तशी सफर आज करता आली नसती. मुलगा पुण्याहून आला की तोच आता वडिलांच्या शेजारी बसून जहाजाचा विषय काढतो. बोलायला वेळ लागतो, शब्द पुसट येतात. पण शाफ्ट किती होते, हे ते अजून बोटांवर दाखवतात. आणि मुलगा, त्यांचे वाक्य पुरे न करता, ऐकत बसतो.